अन्नजन्य रोगांचा प्रतिबंध : तज्ज्ञांच्या सहकार्याचा धडा



एखाद्या गावात सप्ताहाची सांगता होते, महाप्रसादाची पंगत उठते आणि रात्र सरण्याच्या आत घरोघरी माणसे उलट्या-जुलाबांनी हैराण होतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातील खाटा अपुऱ्या पडतात, ओसरीवर सतरंज्या अंथरून सलाईन लावावे लागते. उजाडते तोवर मोठी पातेली घासून पालथी घातलेली असतात, उरलेले अन्न उकिरड्यावर गेलेले असते आणि जेवून गेलेले पाहुणे आपापल्या गावी परतलेले असतात. डॉक्टर उपचार करतात, बहुतेक रुग्ण दोन-तीन दिवसांत बरे होतात आणि वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते. नेमके काय बिघडले होते, पाणी की तेल, धान्य की वाढणाऱ्याचे हात, या प्रश्नाचे उत्तर मात्र पुष्कळदा मिळत नाही. ते न मिळाल्यामुळेच तोच प्रकार पुढच्या वर्षी शेजारच्या गावात घडतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक दूषित अन्नामुळे आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार लोक मृत्युमुखी पडतात. मृतांपैकी जवळजवळ एक तृतीयांश पाच वर्षांखालील बालके असतात. हे आकडे मोठे आहेत. परंतु त्यांच्याहून विचारात टाकणारी गोष्ट वेगळीच आहे. या रोगाचे संपूर्ण चित्र कोणत्याही एका तज्ज्ञाच्या दृष्टीस कधीच पडत नाही. डॉक्टरला रुग्ण दिसतो, पण त्याचे ताट दिसत नाही. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला स्वयंपाकघर दिसते, पण रुग्ण दिसत नाही. प्रयोगशाळेतील जंतुशास्त्रज्ञाला नमुन्यातील जंतू दिसतो, पण तो कोणत्या शेतातून निघाला हे दिसत नाही. शेतकऱ्याला आपले पीक दिसते, पण ते कोणाच्या पोटात गेले याची त्याला कल्पना नसते. हे तुकडे एकत्र जुळतात तेव्हाच रोगाचा माग लागतो. ते जुळले नाहीत, तर निरपराध्यावर ठपका येतो आणि माणसे मरत राहतात.

या विधानाचा प्रत्यय देणारी एक घटना २०११ साली जर्मनीत घडली. प्रगत प्रयोगशाळा, सुसज्ज रुग्णालये आणि शिस्तबद्ध प्रशासन असलेल्या त्या देशातही आरंभीच्या दिवसांत तज्ज्ञांचे तुकडे जुळले नाहीत, आणि जुळले तेव्हा अवघ्या काही दिवसांत उलगडा झाला. म्हणून ही हकीकत सविस्तर पाहण्यासारखी आहे.

तीन मुलांपासून आरंभ

१९ मे २०११ रोजी बर्लिन येथील रॉबर्ट कोख संस्थेला हॅम्बर्गहून एक सूचना मिळाली. तेथील विद्यापीठाच्या रुग्णालयात एकाच दिवशी तीन मुले दाखल झाली होती. तिघांचीही मूत्रपिंडे निकामी होऊ लागली होती आणि रक्तातील तांबड्या पेशी फुटत होत्या. ई-कोलाय या जंतूच्या काही जाती एक तीव्र विष निर्माण करतात. त्या विषाने आतड्यांतून रक्त पडते आणि पुढे काही रुग्णांत ही जीवघेणी अवस्था उद्भवते. ती सामान्यतः लहान मुलांत आणि तुरळक आढळते. एकाच शहरात, एकाच दिवशी तीन रुग्ण ही धोक्याची घंटा होती.

दुसऱ्याच दिवशी संस्थेचे पथक हॅम्बर्गला पोहोचले. तेथे गेल्यावर ध्यानात आले की, हा प्रश्न केवळ मुलांचा नाही. प्रौढ रुग्णही मोठ्या संख्येने येत होते आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय होते. कालपर्यंत धडधाकट असलेल्या, आहाराविषयी जागरूक असलेल्या स्त्रिया डायलिसिसच्या यंत्राला जोडल्या जात होत्या. काहींना झटके येत होते, काहींची वाचा अडखळत होती. मागाहून असे दिसून आले की, साथीचा आरंभ मे महिन्याच्या पहिल्या दिवसांतच झाला होता आणि पथक हॅम्बर्गमध्ये उतरले त्या सुमारास ती शिखरावर पोहोचत होती. स्थानिक आरोग्य कार्यालयाकडून प्रांताकडे आणि प्रांताकडून केंद्राकडे माहिती जाण्याची पायरीपायरीची रीत मंद होती. जर्मनीने २०१३ साली कायद्यात दुरुस्ती करून हा कालावधी कमी केला. परंतु ती सुधारणा या साथीनंतरची होय.

साथ ओसरली तेव्हा एकट्या जर्मनीतील नोंद अशी होती : ३,८४२ जणांना बाधा, त्यांपैकी ८५५ जणांमध्ये मूत्रपिंडांची गंभीर अवस्था, आणि ५३ मृत्यू.

काकडीवर आलेला ठपका

रुग्णांनी काय खाल्ले होते, हा पहिला प्रश्न होता. तो दिसतो तितका सोपा नाही. या जंतूची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणपणे आठ दिवस जात होते. गेल्या आठवड्यात, अमुक वारी दुपारच्या जेवणात कोशिंबिरीत काय काय होते, हे कोणाला आठवणार? त्यातही विचारणा होत होती ती रुग्णशय्येवर असलेल्या माणसांकडे.

तरीही आजारी आणि निरोगी माणसांच्या आहाराची तुलना करून एक निष्कर्ष काढण्यात आला. आजारी पडलेल्यांनी कच्चे टोमॅटो, काकडी आणि सॅलडची पाने अधिक प्रमाणात खाल्ली होती. २५ मे रोजी या भाज्या कच्च्या खाऊ नयेत, असा इशारा देण्यात आला. साथीचे स्वरूप पाहता तो देणे भागच होते.

दुसऱ्या दिवशी, २६ मे रोजी, हॅम्बर्गच्या आरोग्य यंत्रणेने जाहीर केले की, बाजारातून घेतलेल्या काकड्यांवर विष निर्माण करणारा ई-कोलाय सापडला असून त्यांतील काही काकड्या स्पेनमधून आलेल्या आहेत. युरोपभर एकच खळबळ उडाली. दुकानांनी स्पेनची काकडी मांडण्यावरून काढली, तयार पीक शेतातच कुजू लागले, भरलेल्या मालमोटारी परत फिरल्या. स्पेनच्या शेतकरी-व्यापाऱ्यांनी आठवड्याला सुमारे २० कोटी युरोंच्या हानीचा अंदाज वर्तवला. २ जून रोजी रशियाने साऱ्या युरोपीय संघातील ताज्या भाज्यांची आयात थांबवली.

परंतु ३१ मे रोजीच खुलासा झाला होता की, काकडीवरचा जंतू आणि रुग्णांच्या शरीरातील जंतू एकाच जातीचे नाहीत. रुग्णांमधील जंतू ओ-१०४ या दुर्मीळ गटातला होता. काकडीवरचा निराळा होता. प्रयोगशाळेचे काम चुकले नव्हते. काकडीवर जंतू खरोखरच होता. चूक झाली ती त्या निष्कर्षाचा रुग्णांकडील पुराव्याशी पूर्ण मेळ बसण्याआधी तो जगाला सांगण्यात. ठपका पुसला गेला, पण शेतात नांगरून टाकलेले पीक परत आले नाही. पुढे युरोपीय संघाने भाजी उत्पादकांसाठी २१ कोटी युरोंची भरपाई मंजूर केली. एका अपुऱ्या निष्कर्षाच्या घाईची किंमत किती होते, हे यावरून दिसते.

दरम्यान खरा अपराधी मोकळाच होता आणि रोज नवे रुग्ण दाखल होत होते.

आचाऱ्याची साक्ष

उलगड्याचा मार्ग सापडला तो एका साध्या विचारातून. रुग्णाला जे आठवत नाही, ते दुसऱ्या कोणाकडे तरी नोंदलेले असेल काय?

फ्रँकफुर्ट येथील एका कंपनीतील बरेच कर्मचारी आजारी पडले होते. तेथील भोजनगृहात रोख पैसे न देता कार्डावर खर्च टाकण्याची व्यवस्था होती. कोणी कोणत्या दिवशी काय घेतले याची नोंद त्यामुळे आपोआप झालेली होती. त्या नोंदींवरून दिसले की, संशयाची सुई कोशिंबिरीच्या मांडणीकडेच वळते. परंतु कोशिंबिरीतील नेमका कोणता पदार्थ, हे ठरायचे होते.

मग संशोधकांनी उत्तर जर्मनीतील एका उपाहारगृहाकडे लक्ष वळवले. तेथे जेवून गेलेल्या अनेक गटांतील माणसे आजारी पडली होती. अशा १० गटांतील १७७ जणांचा शोध घेण्यात आला. त्यांना भाज्यांची नावे विचारण्याऐवजी, त्या दिवशी कोणता पदार्थ मागवला होता एवढेच विचारले. मागणीच्या नोंदी पाहिल्या. सहभोजनाच्या वेळी काढलेली छायाचित्रेही तपासली. त्यानंतर पथक स्वयंपाकघरात गेले आणि आचाऱ्याला विचारले की, या पदार्थात तुम्ही काय काय घालता, किती घालता, वरून सजावटीला काय पसरता?

उत्तर मिळाले. ज्यांच्या ताटात कोशिंबिरीवर भुरभुरलेले कच्चे मोड गेले होते, त्यांना आजार होण्याचा धोका इतरांच्या सुमारे चौदा पट होता; आणि त्या गटांत जे जे आजारी पडले, त्या सर्वांच्या ताटात मोड होते. पूर्वीच्या एका पाहणीत आजाऱ्यांपैकी जेमतेम एक चतुर्थांश लोकांनी मोड खाल्ल्याचे सांगितले होते. बाकीच्यांनी खोटे सांगितले नव्हते. चिमूटभर मोड वरून पेरलेले असतात. ते कोण लक्षात ठेवणार? रुग्णाला जे आठवले नाही, ते आचाऱ्याने सांगितले.

या साथीतील सर्वांत महत्त्वाची साक्ष ही अशी स्वयंपाकघरात मिळाली. अन्नसुरक्षेच्या कामात आचारी, वाढपी, किराणा दुकानदार आणि गोदामातील हमाल यांचे स्थान काय असते, हे त्यावरून ध्यानात यावे. ते तज्ज्ञ म्हणून ओळखले जात नाहीत. पण त्यांच्या ज्ञानावाचून तज्ज्ञांचे ज्ञान अपुरे राहते.

मालाचा माग

याच सुमारास दुसऱ्या दिशेनेही शोध चालू होता. ३ जून रोजी जर्मनीने केंद्रीय आणि प्रांतिक यंत्रणांतील अन्नतज्ज्ञांचे एक संयुक्त कृतिदल स्थापन केले. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे तज्ज्ञही त्यात सामील झाले. दलाचे काम चिकाटीचे, कागदोपत्री आणि वरकरणी नीरस होते. जेथे जेथे रुग्णांचे पुंजके आढळले, त्या उपाहारगृहांनी, खाणावळींनी आणि दुकानांनी माल कोठून घेतला, त्या पुरवठादाराने तो कोठून आणला, अशी पावत्यांची साखळी मागे मागे जुळवीत जायचे. रुग्णांचे असे ४१ पुंजके तपासण्यात आले आणि साऱ्या साखळ्या लोअर सॅक्सनी प्रांतातील एकाच मोड-उत्पादकाकडे येऊन थांबल्या. तेथील काही कामगारही आजारी पडले होते.

१० जून रोजी आरोग्य, अन्न आणि जोखीम-मूल्यमापन या तिन्ही क्षेत्रांतील केंद्रीय संस्थांनी एकत्र येऊन एकमुखाने जाहीर केले की, टोमॅटो, काकडी आणि सॅलडची पाने निर्दोष आहेत. कच्चे मोड खाऊ नका. मे महिन्यात निरनिराळ्या यंत्रणांची निरनिराळी निवेदने ऐकून भांबावलेल्या जनतेला पहिल्यांदाच स्पष्ट सल्ला मिळाला.

तरीही प्रश्न उरला की, त्या उत्पादकाकडे जंतू आला कोठून? याचे उत्तर दुसऱ्या देशातील एका दुर्घटनेने दिले. ८ जून रोजी फ्रान्समध्ये, बोर्दो शहराजवळील बेग्ल येथे मुलांच्या एका केंद्रात मेळावा झाला. त्यात अल्पोपाहारावर घरगुती मोड पसरले होते. काही दिवसांनी तेथील माणसे आजारी पडली आणि जंतू निघाला तोच, ओ-१०४. या मोडांचा जर्मनीतील उत्पादकाशी काहीही संबंध नव्हता. म्हणजे दोष शेतावर नव्हे, बियाण्यात असावा. दोन्ही ठिकाणी कोणकोणत्या बिया वापरल्या होत्या, याच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या. दोन्हीत समान होती ती एक वस्तू : मेथी.

जर्मनी आणि फ्रान्स या दोन्ही देशांतील मेथी मागे मागे शोधीत तज्ज्ञ इजिप्तमधून आलेल्या एका खेपेपर्यंत पोहोचले. १५ टनांची ती खेप नोव्हेंबर २००९ मध्ये जहाजाने निघाली होती. अनेक व्यापाऱ्यांच्या हातून, लहान लहान पुड्यांत वाटली जात ती अनेक देशांत पसरली होती. साथ उद्भवण्यापूर्वी दीड वर्ष ते बी कोरडे, शांत पडून होते. जुलै महिन्यात युरोपीय तज्ज्ञांनी ही खेप हाच सर्वांत संभाव्य दुवा असल्याचा अहवाल दिला आणि इजिप्तमधून येणाऱ्या अशा बियांच्या आयातीवर युरोपीय संघाने बंदी घातली.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या बियांच्या तपासलेल्या नमुन्यांत हा जंतू सापडला नाही आणि इजिप्तने हा निष्कर्ष मान्य केला नाही. टनावारी बियांत दूषित दाणे थोडे असतील, तर नमुन्याच्या मुठीत ते येतीलच असे नाही. प्रयोगशाळेचा ‘आढळला नाही’ हा शेरा ‘नव्हताच’ असा वाचायचा नसतो. जेथे सूक्ष्मदर्शक थांबला, तेथे पावत्यांच्या साखळीने पुढची वाट दाखवली.

जंतुशास्त्रज्ञांचा वाटाही मोलाचा होता. हॅम्बर्गच्या रुग्णालयाने चीनमधील शेंझेन येथील जनुकतज्ज्ञांच्या सहकार्याने या जंतूची जनुकरचना काही दिवसांत वाचली आणि ती माहिती जूनच्या आरंभीच सर्वांसाठी खुली केली. अनेक देशांतील शास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. आतड्याला घट्ट चिकटून राहणाऱ्या एका जातीला विष निर्माण करण्याची शक्ती लाभल्याने हा जंतू इतका घातक ठरला, असे त्यातून स्पष्ट झाले. माहिती दडवून न ठेवता वाटली की ज्ञान किती वेगाने वाढते, याचे हे उत्तम उदाहरण होय. २६ जुलै रोजी साथ संपल्याचे जाहीर झाले.

मोड का धोक्याचे ठरतात?

मेथीचा दाणा मराठी घराला परका नाही, आणि मोड तर नाहीतच. म्हणून येथे क्षणभर थांबून हे समजून घेणे इष्ट आहे की, दोष मेथीचा नाही आणि मोड आणण्याच्या रीतीचाही नाही. कोरड्या बीवर बसलेले जंतू महिनोन्‌महिने जिवंत राहू शकतात, पण वाढू शकत नाहीत. बी भिजत घातले की त्याला ओलावा, ऊब आणि अन्न मिळते. अंकुराला जे पोषक, तेच जंतूलाही पोषक असते. दोन-तीन दिवसांत मूठभर जंतूंचे कोट्यवधी होतात. आणि ते मोडांवरून पाण्याने धुऊन पूर्णपणे जात नाहीत. १९९६ साली जपानमधील साकाई शहरात हजारो शाळकरी मुले ई-कोलायच्या साथीत आजारी पडली, तेव्हाही संशय मुळ्याच्या कच्च्या मोडांवरच आला होता.

महाराष्ट्रातील गृहिणी मटकी, मूग किंवा मेथी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणते आणि त्यांची उसळ शिजवते. ही शिजवण्याची पायरीच संरक्षक आहे. चांगल्या उकळीत हा जंतू टिकत नाही. अलीकडे आरोग्यदायी आहार म्हणून कच्चे मोड खाण्याची प्रथा शहरांतून वाढली आहे. लहान मुले, गर्भवती स्त्रिया, वृद्ध आणि दीर्घ आजारी व्यक्ती यांनी तरी मोड वाफवून वा शिजवूनच खाणे श्रेयस्कर होय. जीवनसत्त्वांचा थोडा अंश कमी झाला, तरी ते सुरक्षिततेचे मोल समजावे.

आपल्याकडील अनुभव

अशा घटना परदेशातच घडतात असे नाही. १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांच्या आदिवासी भागात कावीळ आणि पोटात पाणी होणे अशी लक्षणे असलेला एक रोग पसरला. एका पाहणीतील ३९७ रुग्णांपैकी १०६ जण दगावले. प्रथमदर्शनी ही नेहमीची संसर्गजन्य कावीळ वाटावी. परंतु घरातील माणसांबरोबर तेच अन्न खाणारी कुत्रीही त्याच लक्षणांनी मरत होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तज्ज्ञांनी हा दुवा पकडला. अवकाळी पावसात भिजलेल्या मक्यावर बुरशी आली होती आणि तिच्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष त्या घरांच्या रोजच्या भाकरीत उतरले होते. डॉक्टर, पोषणतज्ज्ञ आणि धान्याचे विश्लेषक एकत्र आले नसते, तर मक्यावर कोणाचा संशय गेला असता?

महाराष्ट्रात उपवासाच्या दिवशी भगरीतून विषबाधा झाल्याच्या घटना वारंवार घडतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सोमठाणा येथे सप्ताहाच्या प्रसादानंतर शेकडो भाविक आजारी पडले. रुग्णालयात जागा न उरल्याने झाडांना दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. अशा वेळी वैद्यकीय पथके धावून जातात आणि जीव वाचतात, ही समाधानाची बाब आहे. तथापि, जीव वाचवणे आणि कारण शोधणे ही दोन कामे आहेत. पहिले झाले म्हणजे दुसरे झाले असे नव्हे.

कायद्याची चौकट उपलब्ध आहे. १९५४ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्याचा भर भेसळ पकडून शिक्षा करण्यावर होता. त्याची जागा घेणारा २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ रोजी अंमलात आला. योगायोगाने जर्मनीतील साथ संपल्याचे जाहीर झाल्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी. अन्नविषबाधेच्या घटनांची सूचना नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकांनी द्यावी, असा आदेश काढण्याची तरतूद या कायद्याच्या कलम ३५ मध्ये आहे. धार्मिक व सामाजिक मेळाव्यांत अन्नवाटप करणाऱ्यांनाही नोंदणीच्या कक्षेत आणण्यात आले आहे. दुसरीकडे, २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षणाची यंत्रणा देशात उभी राहिली असून साथींची माहिती जिल्ह्याजिल्ह्यांतून तिच्याकडे जाते.

परंतु रुग्णांची माहिती सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, अन्नाचे नमुने अन्न व औषध प्रशासनाकडे, धान्याच्या साठवणुकीचे ज्ञान कृषी विभागाकडे, दूध-मांसाचे पशुसंवर्धन विभागाकडे आणि पाण्याचे पाणीपुरवठा यंत्रणेकडे, अशी कामाची विभागणी आहे. विभागणी असणे स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच की, साथ उद्भवल्यावर ही माणसे एकमेकांना प्रथमच भेटतात की आधीपासून ओळखतात? हॅम्बर्गचा धडा असा की, संकटाच्या दिवशी उभे केलेले सहकार्य उशिरा पोहोचते. ते सवडीच्या दिवसांत उभे करावे लागते.

सहकार्याची कार्यपद्धती

त्या दृष्टीने जिल्हा पातळीवर काही साध्या गोष्टी होणे अगत्याचे आहे. विषबाधेची वार्ता येताच आरोग्य अधिकारी आणि अन्न सुरक्षा अधिकारी यांनी एकत्रच घटनास्थळी जावे. एकाने सकाळी आणि दुसऱ्याने संध्याकाळी जाण्यात नमुना हातचा जातो. डॉक्टरांनी शक्य तेथे प्रतिजैविके देण्यापूर्वी शौचाचा नमुना घ्यावा. औषध पोटात गेल्यावर जंतू सापडणे कठीण होते. आजाऱ्यांइतकीच, त्याच पंगतीला जेवून निरोगी राहिलेल्यांची यादीही करावी. कारण निरोग्यांनी काय खाल्ले नाही, हे कळल्यावाचून आजाऱ्यांनी काय खाल्ले याला अर्थ प्राप्त होत नाही. आजारी पडल्याची वेळ नोंदवावी. जेवणानंतर दोन-चार तासांत उलट्या सुरू झाल्या तर तयार विषाचा, आणि बारा-चोवीस तासांनी जुलाब सुरू झाले तर वाढणाऱ्या जंतूंचा संशय अधिक बळावतो. प्रयोगशाळेला नमुन्याबरोबर ही हकीकतही कळवावी, म्हणजे कशाचा शोध घ्यायचा हे तिला ठाऊक राहील.

संशयित पदार्थाचे नाव जाहीर करताना सर्व विभागांनी एका तोंडाने बोलावे. जे निश्चित आहे ते तत्काळ सांगावे. जे केवळ शक्य आहे, ते शक्यता म्हणूनच सांगावे. स्पेनच्या काकडीची गत आपल्या एखाद्या तालुक्यातील द्राक्षांची, दुधाची वा भगरीची होऊ नये.

मोठे भोजन घालणाऱ्या मंडळांनी, वसतिगृहांनी आणि खाणावळींनी प्रत्येक पदार्थाची एक वाटी झाकून, तारीख घालून, शीतकपाटात दोन-तीन दिवस जपून ठेवावी. धान्य, तेल आणि मसाला कोणाकडून घेतला याच्या पावत्या जपाव्यात. यास खर्च नाही म्हटले तरी चालेल. परंतु विपरीत घडल्यास त्या एका वाटीची आणि त्या एका पावतीची किंमत शेकडो तपासण्यांहून अधिक ठरते. नमुना देणारा आचारी हा आरोपी नसून साक्षीदार आहे, ही भावना त्याच्या मनात रुजवणे हे अधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे. आचारी घाबरला की पातेली घासली जातात आणि पुरावा मोरीतून वाहून जातो.

घरातील काळजी तर सर्वांना ठाऊक आहेच : हात आणि भांडी स्वच्छ ठेवणे, कच्चे आणि शिजलेले वेगळे ठेवणे, अन्न पूर्ण शिजवणे, शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ कोमट स्थितीत न ठेवणे, पाणी आणि जिन्नस निर्धोक वापरणे. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली पंचसूत्री हीच होय. तिच्यात नवे काही नाही. पाळण्यातच सारे आहे.

७ जून हा दिवस २०१९ पासून जागतिक अन्न सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. अशा दिवशी भाषणे होतात, फलक लागतात. त्याबरोबरच प्रत्येक जिल्ह्यातील डॉक्टर, अन्न सुरक्षा अधिकारी, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, कृषी आणि पशुवैद्यक अधिकारी यांनी एका मेजाभोवती बसून परस्परांची ओळख करून घेतली, दूरध्वनी क्रमांक घेतले आणि गेल्या वर्षीच्या एखाद्या घटनेचा एकत्र विचार केला, तर तो दिवस खऱ्या अर्थाने साजरा होईल. जर्मनीत रुग्णालय, प्रयोगशाळा, पावत्यांची वही आणि स्वयंपाकघर यांची गाठ पडली, तेव्हा साथीचे मूळ सापडले. ही गाठ आधी पडली असती, तर त्या ५३ जणांपैकी कितीजण वाचले असते हे सांगता येत नाही; पण काही कदाचित वाचले असते. आपल्या गावातील पुढची पंगत बसण्यापूर्वी ती गाठ येथे पडावी, हाच या हकीकतीचा बोध होय.